बारा मैलांची पट्टी

पहाटे ४.४०

गजर पाचचा होता, पण त्याआधीच डोळे उघडले. पोस्टर स्पर्धेच्या दिवशी माझं असंच होतं. बोलायचं विद्यार्थिनीने, प्रश्न तिला विचारणार, मी नुसती लांब उभी राहणार. तरी झोप माझी उडते.

पिशवी रात्रीच भरून ठेवली होती. कात्री, फूटपट्टी, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी, टाचण्या, डिंकाची बाटली, काळं पेन, पांढऱ्या कार्डशीटचे चार तुकडे. कार्डशीट कशाला, असं घरच्यांनी विचारलं होतं. आजवर एकही पोस्टर असं पाहिलेलं नाही की जे भिंतीवर लागल्यावर त्यात काही बदलावंसं वाटलं नाही, म्हणून. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. फोनवर तिचा निरोप येऊन पडलेला: ‘मॅडम, निघाले. बाबा स्टेशनला सोडताहेत.’ वेळ ४.१५.

५.३५, पालघर

डहाणूहून येणारी लोकल लागली. बायकांच्या डब्यात ती खिडकीशी बसली होती, शेजारी माझ्यासाठी ओढणी टाकून जागा धरलेली. पोस्टर पीव्हीसीच्या पाइपात, पाइपाची दोन्ही तोंडं प्लॅस्टिकने बांधलेली. पाइप तिच्या वडिलांनी कापून दिला होता, चार फुटांचा. गाडीत गर्दी वाढली की गुंडाळलेला कागद कसा चेपतो हे तिला मागच्या वर्षी कळलं होतं.

ती तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र. डहाणू तालुक्यातल्या किनाऱ्याजवळच्या पाड्यावरची. विषय कसा निघाला ते सांगायला हवं. दीड वर्षापूर्वी वर्गात आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पेपरातला सागरी कायदा शिकवत होते. धडा छोटा, परीक्षेला टिपेपुरता. मी फळ्यावर किनारा काढला, पुढे बारा सागरी मैल, पुढे दोनशे. तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. म्हणाली, “मॅडम, आमच्याकडचे काही लोक कराचीला असतात. ते यात येतं का?”

‘कराचीला असतात.’ मुंबईला असतात, सुरतला असतात, त्याच सुरात. कामाला गेल्यासारखे. मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि पुढचा तास मी घेतलाच नाही. स्टाफरूममध्ये बसून तिच्याकडून ऐकत राहिले.

पावसाळी मासेमारीबंदी उठायच्या सुमाराला पालघर जिल्ह्यातले कितीतरी पुरुष उचल घेऊन गुजरातेत जातात: ओखा, पोरबंदर, वेरावळ, मांगरोळ. मालकाच्या बोटीवर खलाशी म्हणून. बोटीवर एक तांडेल, हाताखाली सहा-सात जण. कच्छच्या समोर, जखौच्या पलीकडे समुद्रात भारत आणि पाकिस्तान यांच्यात दोघांनी मान्य केलेली सीमाच नाही. तिकडची गस्तीनौका येते, बोट जाते, माणसं कराचीच्या मलीर तुरुंगात. इकडे येणाऱ्या सिंधी मच्छीमारांचं असंच होतं, ते कच्छ-गुजरातच्या तुरुंगांत. नोव्हेंबर २०२१ मध्ये तर समुद्रात झालेल्या गोळीबारात आमच्याच जिल्ह्यातला एक खलाशी मारला गेला. बातमी आली आणि गेली. वर्गातल्या पुस्तकात हा भाग ‘भारत-पाक संबंध’ या प्रकरणात काश्मीर, सिंधू करार, दहशतवाद यांच्याखाली कुठे तरी ‘इतर प्रश्न’ म्हणून असतो, नाहीतर नसतोच. किनाऱ्यावरच्या मुलांना शिकवताना मी सोळा वर्षं तो ‘इतर प्रश्न’ म्हणूनच सोडून देत आले होते. याचं मला अजून वाईट वाटतं.

वैतरणा ओलांडताना उजाडू लागलं. तिने पाठ केलेलं बोलून दाखवायला सुरुवात केली. मी थांबवलं. तीन मिनिटांचं भाषण पाठ केलेलं असलं की चौथ्या मिनिटाला आलेला प्रश्न माणसाला धक्का देतो. म्हटलं, आकडे सांग, आणि प्रत्येक आकड्यात कोण कोण येतं ते सांग.

तिने सांगितलं. २१ मे २००८ च्या दोन देशांतल्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या दिल्या-घेतल्या जातात. अटकेपासून तीन महिन्यांच्या आत वकिलातीच्या माणसाला कैद्याची भेट मिळायला हवी. राष्ट्रीयत्व पक्कं झालं आणि शिक्षा संपली की महिन्याच्या आत घरी पाठवायला हवं. १ जानेवारी २०२५ ची यादी: पाकिस्तानने दिलेली नावं, ४९ नागरी कैदी आणि २१७ मच्छीमार. भारताने दिलेली, ३८१ नागरी कैदी आणि ८१ मच्छीमार. त्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालयाने म्हटलं की शिक्षा पुरी झालेल्या १८३ भारतीयांना लवकर सोडावं.

“१८३ कोण?”

“मच्छीमार आणि नागरी कैदी, दोन्ही मिळून.”

बरोबर. डिसेंबरातल्या पहिल्या मसुद्यात तिने जुलैच्या यादीवर काम केलं होतं, २११ मच्छीमार. नवी यादी आल्यावर आकडे बदलले, आणि घाईत ‘१८३ मच्छीमार’ असं लिहून गेली. आकडा खरा, शब्द चुकलेला. त्यावर आम्ही एक अख्खी दुपार घालवली होती. आकडे शोधणं सोपं असतं, आकड्याच्या पोटात काय आहे ते न सांडता पोस्टरपर्यंत आणणं अवघड.

बोरिवलीनंतर बोलायला जागा उरली नाही. पाइप तिने छातीशी उभा धरला होता.

८.२०, कलिना

अंधेरीला गाडी बदलून सांताक्रूझ, तिथून रिक्षा. विद्यापीठाच्या विद्यानगरी आवारात झाडांखाली मुलामुलींचे घोळके, प्रत्येकाच्या हातात एक गुंडाळी. ‘आविष्कार’सारख्या स्पर्धांमुळे गेल्या काही वर्षांत आमच्या कॉलेजांत पोस्टर हा शब्द चांगला रुळला आहे, पण पोस्टर म्हटलं की अजून विज्ञानच आठवतं. कलाशाखेच्या मुलांना आम्ही निबंध लिहायला सांगतो, आणि निबंध कपाटात जातो. पोस्टरपुढे माणूस उभा राहतो. त्याच्या चेहऱ्यावर दिसतं की कुठल्या ओळीला तो अडला. राज्यशास्त्राच्या मुलांना याची गरज जास्त आहे असं माझं मत झालं आहे, कारण आमच्या विषयात मोठे शब्द फार स्वस्त मिळतात.

आपल्या क्रमांकाचा फलक शोधला. कागद एक मीटर बाय एक मीटर. चारही कोपरे आधी टाचणीने, मग मागून पट्टी. तिने सगळ्यात आधी जोडाक्षरं पाहिली. छपाईच्या दुकानात पहिल्या खेपेला ‘क्रीक’ मधला ‘क्र’ फुटला होता, ‘क’ एकीकडे आणि त्याची तिरकी रेघ दुसरीकडे. ‘फॉन्ट कर्व्ह करून आणा’ असं दुकानदाराने सांगितल्यावर दुसरी प्रत निघाली. आता सगळी अक्षरं जागेवर होती.

पोस्टरच्या मधोमध नकाशा. या नकाशावर आमचे तीन आठवडे गेले. पहिला तिने इंटरनेटवरून उतरवलेला होता. त्यात जम्मू-काश्मीर तुटक रेघांनी दाखवलेलं. भारताची बाह्यसीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच दाखवावी लागते, कायदाच आहे. त्यांचे बाह्यरेखेचे नकाशे मोफत मिळतात, तो घेतला. खरा प्रश्न पुढे होता. जमिनीवरची रेघ आली, समुद्रातली कुठली काढायची? वर्तमानपत्रं बिनदिक्कत एक तिरकी रेघ ओढून खाली ‘आंतरराष्ट्रीय सागरी सीमा’ लिहितात. पण ती ठरलेलीच नाही.

ती ठरत नाही याचं मूळ सर क्रीकमध्ये आहे, कच्छचं रण आणि सिंध यांच्यामधली सुमारे ९६ किलोमीटरची दलदलीची भरती-ओहोटीची खाडी. आणि या खाडीचा कागद मुंबईचा आहे. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, कराचीचा कारभार इथून चाले. कराचीत नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची शाळा आजही आहे. कच्छचे राव आणि सिंध यांच्यातला खाडीचा तंटा मुंबई सरकारने १९१४ साली एका ठरावाने मिटवला. ठरावासोबतच्या नकाशात खाडीच्या पूर्व काठाने एक हिरवी रेघ आहे. पाकिस्तान म्हणतो, हीच सीमा, खाडी सगळी आमची. भारत म्हणतो, रेघ केवळ दाखवण्यापुरती होती. नौका चालतात अशा प्रवाहात सीमा मधल्या धारेतून धरायची असते, १९२५ चा नकाशा आणि रोवलेले खांब तेच सांगतात. पाकिस्तानचं उत्तर, ही खाडी नौका चालण्याजोगी नाही. भारताचं, भरतीला चालतात. १९६५ च्या रणातल्या लढाईनंतर लवाद बसला, १९६८ मध्ये निवाडा आला, पण खाडीचा हा भाग त्यात आला नाही. २००७ मध्ये दोन्ही देशांनी मिळून खाडीची मोजणीही केली. वाद तिथेच आहे. खाडीच्या तोंडाशी रेघ जराशी इकडची तिकडे झाली, की खोल समुद्रात जाईतो ती तफावत पसरत जाते.

तेव्हा आमच्या नकाशात समुद्र कोरा आहे. रेघ नाही. फिकट निळा रंग, त्यात ओखा, जखौ, केटी बंदर, कराची अशी नावं, आणि मधे लहान अक्षरांत एकच वाक्य: ‘इथे दोन्ही देशांनी मान्य केलेली रेषा नाही.’ ही कल्पना तिची. मी रेघेची जागा रिकामी सोडायला आधी तयार नव्हते, लोकांना ती चूक वाटेल म्हणून. ती म्हणाली, खलाशाला तरी कुठे दिसते?

१०.०० ते ११.१५

दीपप्रज्वलन, स्वागत, सूचना.

११.३०

परीक्षण सुरू होताना मार्गदर्शकांनी पोस्टरपासून दूर व्हायचं. मी इतर फलक पाहत फिरले.

आंतरराष्ट्रीय विषयांची एक ओळच होती. हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या भाड्याने कसं गेलं. चाबहारचा २०२४ चा दहा वर्षांचा करार. आखातातले भारतीय कामगार. मुलांनी कष्ट केले होते. पण नेत्यांच्या हस्तांदोलनाचे फोटो आणि जाड लाल बाण पाहिले की वाटतं, यातलं मुलांनी स्वतः पाहिलेलं काय आहे? चाबहारच्या पोस्टरपाशी उभ्या मुलाला मी विचारलं, कांडल्याहून तिथे पोचायला जहाजाला किती दिवस लागतात? त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, हे शोधलं नाही, आजच शोधतो. वहीत लिहून घेतलं. असा विद्यार्थी पुढे चांगलं काम करतो.

कच्चतिवूच्या पोस्टरपाशी मात्र बराच वेळ थांबले. दोन मुली, दुसऱ्या जिल्ह्यातल्या. १९७४ चा भारत-श्रीलंका करार, बेट श्रीलंकेकडे. १९७६ च्या पत्रव्यवहाराने एकमेकांच्या समुद्रात मासेमारी बंद. तरी तामिळनाडूच्या मच्छीमारांच्या अटका आजही. त्यांच्या नकाशात रेघ ठळक, सरळ, बिंदूबिंदूंचे अक्षांश-रेखांश दिलेले. मनात आलं, तिथे रेघ ठरून पन्नास वर्षं झाली आणि माणसं पकडली जातात. आमच्याकडे रेघच नाही आणि माणसं पकडली जातात. मग आमच्या पोस्टरचा जो सूर आहे, की सीमा ठरली तर प्रश्न सुटेल, तो टिकतो का? मासा कुठे आहे, किनाऱ्याजवळचा संपला का, तांडेलावर किती माल आणायचा दाब आहे, हेही रेघेइतकंच खरं. त्या दोघींना मी आमचा फलक क्रमांक दिला आणि म्हटलं, जेवताना भेटा.

१२.१०

आमच्या फलकापाशी दोन परीक्षक आले. मी खांबाआड, अर्धं ऐकू येत होतं, अर्धं तिच्या हातांवरून कळत होतं.

ती छान बोलली. याद्या, करार, कैद्यांच्या घरच्यांनी सांगितलेलं. बोट पकडल्याचं पहिलं कळतं ते मालकाच्या फोनवरून. मग महिनोन् महिने काही नाही. मग कधी यादीत नाव. सुटका होते तेव्हा कराचीहून लाहोर, वाघा ओलांडून अटारी, मग रेल्वेने गुजरात, मग घर. मे २०२३ मध्ये असे १९८ जण एकदम सुटले होते, जूनच्या सुरुवातीला आणखी २००. २०१४ पासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत २,६३९ मच्छीमार परत आले, हा सरकारचा आकडा.

परीक्षकांपैकी एक सागरी कायदा शिकवणारे होते, वयस्क, आवाज मऊ. त्यांनी पोस्टरच्या उजव्या खालच्या चौकटीवर बोट ठेवलं. तिथे आमचं सगळ्यात ठाम वाक्य होतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा कराराचं कलम ७३: मासेमारीच्या नियमांचा भंग केला म्हणून परदेशी मच्छीमाराला तुरुंगात टाकता येत नाही, दोन देशांनी तसं आपसात ठरवलं नसेल तर, आणि योग्य जामीन भरल्यावर बोट व माणसं ताबडतोब सोडायची. भारताने करार १९९५ मध्ये मान्य केला, पाकिस्तानने १९९७ मध्ये. खाली तिने ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘म्हणजे ही प्रत्येक कैद कराराच्या विरुद्ध आहे.’

“बेटा, कलम ७३ कुठल्या पाण्याला लागू होतं?”

“विशेष आर्थिक क्षेत्राला, सर.”

“आणि किनाऱ्यापासून बारा मैलांच्या आत?”

ती गप्प झाली. मला खांबाआड घाम फुटला. बारा सागरी मैल, म्हणजे साधारण बावीस किलोमीटर, हा प्रादेशिक समुद्र. तिथे किनाऱ्याच्या देशाचं सार्वभौमत्व. कलम ७३ त्याच्या पलीकडचं, दोनशे मैलांपर्यंतचं. हे दोन पट्टे मीच फळ्यावर काढले होते, पण कलम शिकवताना ते कुठल्या पट्ट्यातलं, हे जोडून सांगितलं नव्हतं.

“आपलाच १९८१ चा कायदा बघ,” ते म्हणाले. “परदेशी जहाजांच्या मासेमारीबद्दलचा. आपल्या प्रादेशिक समुद्रात सापडला तर कैद होऊ शकते, त्याच्या बाहेर आर्थिक क्षेत्रात सापडला तर फक्त दंड. आपल्या कायद्याने फरक केला आहे. तू केलेला नाहीस. तुझ्या यादीतली कुठली बोट कुठे पकडली, तुला माहीत आहे?”

“नाही, सर. कुठे पकडली यावर दोन्ही देशांचं म्हणणं वेगळं असतं. मी ते तपासलेलं नाही.”

“मग हे वाक्य?”

“हे वाक्य जास्तीचं झालं, सर.”

त्यांनी मान डोलावली, काहीतरी लिहिलं, पुढे गेले. मी तिच्याकडे गेले तेव्हा तिचे डोळे भरलेले होते, पण रडली नाही. म्हणाली, “पाड्यावर मी सगळ्यांना हेच सांगितलंय, मॅडम. की कायद्याने त्यांना तुरुंगात ठेवताच येत नाही.”

चुकीचं वाक्य परीक्षकाला सांगितलं तर गुण जातात. तेच वाक्य ज्या घरातला माणूस आत आहे त्या घरात सांगितलं की, बारा मैल आणि तेरा मैल यांत किती अंतर आहे ते कळतं.

१.१५

जेवणाच्या सुट्टीत आधी डबा उघडलाच नाही. जिन्याच्या पायरीवर बसलो. आयोजकांना विचारून आले, परीक्षणानंतर फलकावर दुरुस्ती चालेल का, चालेल म्हणाले. तिने फोनवर १९८१ चा कायदा काढला, मी कलम ७३ पुन्हा नीट वाचलं. कार्डशीटचा तुकडा कापला, बरोबर त्या ठळक ओळीच्या मापाचा.

पहिला मसुदा तिने लिहिला: ‘काही कैदा कराराच्या विरुद्ध असू शकतात.’ मला तो पटला नाही. ‘काही’ आणि ‘शकतात’ दोन्ही आले की वाक्यात काहीच उरत नाही. माणसं खरोखर वर्षानुवर्षं आत आहेत, आणि आम्ही घाबरून मागे सरकलो असं होईल. दुसरा मसुदा मी लिहिला, तो चार ओळींचा झाला, कलमांच्या आकड्यांनी भरलेला. तिने तो वाचून नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मग तिला सुचलं की दोन दावे वेगळे करावेत. कलम ७३ चा दावा बोट कुठे सापडली यावर अवलंबून आहे. पण २००८ च्या कराराचा दावा तसा नाही. तिथे पाण्याचा प्रश्नच येत नाही: शिक्षा संपली, राष्ट्रीयत्व पक्कं झालं, महिन्यात सोडा. बारा मैलांच्या आत पकडलेला असो वा बाहेर. म्हणजे सगळ्यात भक्कम गोष्ट आमच्या पोस्टरवर आधीपासून होती, डाव्या बाजूला बारीक अक्षरांत. आणि जी डळमळीत होती तिला आम्ही ठळक केलं होतं.

पट्टीवर शेवटी लिहिलं: ‘बारा सागरी मैलांपलीकडे पकडलेल्या मच्छीमाराला कलम ७३ प्रमाणे कैद देता येत नाही, आपसात वेगळा करार नसेल तर. आत पकडलेला असो वा बाहेर, शिक्षा संपून राष्ट्रीयत्व पक्कं झाल्यावर महिन्याच्या आत सोडणं २००८ च्या कराराने दोन्ही देशांवर बंधनकारक आहे.’ तिचं अक्षर वळणदार आहे. डिंक लावला, फूटपट्टीने दाबून धरला.

तोवर कच्चतिवूच्या दोघी आल्या. चौघींनी मिळून माझा डबा संपवला. त्यांना तिच्या कोऱ्या समुद्राचं नवल वाटलं; तिला त्यांच्या अक्षांश-रेखांशांचं. ‘हे बिंदू तुम्हाला कुठे मिळाले?’ तिने विचारलं. करारातच आहेत, त्या म्हणाल्या. तिने ते वहीत लिहून घेतलं, का ते मला तेव्हा कळलं नाही.

२.३० ते ४.३०

आता सगळ्यांसाठी खुलं. शाळांची मुलं, पालक, इतर विभागांचे प्राध्यापक. आता मला तिच्याजवळ उभं राहायला हरकत नव्हती, पण मी दोन फलक सोडून बसले.

एका गृहस्थांनी आवाज चढवला. पाकिस्तानी मच्छीमारांचा आकडा भारतीयांच्या शेजारी तेवढ्याच अक्षरांत कशाला? आपल्या माणसांबद्दल बोला. तिने शांतपणे सांगितलं की करार दोघांचा आहे, यादी दोघांची आहे. आपला माणूस महिन्यात सुटावा असं कराराच्या आधाराने म्हणायचं तर तोच आधार त्यांच्या माणसालाही मिळतो. शिवाय आमच्या पाड्यावरच्या एका काकांनी सांगितलं, तुरुंगात त्यांना जेवणाचं, औषधाचं कळत नव्हतं तेव्हा जो मदतीला आला तो तिकडचाच एक मच्छीमार होता, इकडच्या तुरुंगात राहून गेलेला. गृहस्थ थोडे थांबले, पोस्टर वाचलं, गेले. पटलं की नाही कळलं नाही. वाचलं एवढं खरं.

दुसरा प्रश्न दिवसभरात नऊ-दहा वेळा आला: बोटीवर जीपीएस असतो, मग चूक कशी होते? याचं उत्तर तिने सोपं करून सांगितलं नाही, याचा मला आनंद झाला. इंजिन बंद पडतं, रात्री जाळं ओढताना प्रवाह नेतो, हे खरं. पण मासा तिकडे जास्त आहे, सिंधूच्या मुखाकडचा समुद्र भरलेला आहे, आणि काही वेळा तांडेल जाणूनबुजून जातो, हेही घरच्यांनी सांगितलं आहे. जीपीएसचा पडदा तांडेलापुढे असतो. मागे जाळ्याशी उभ्या असलेल्या सहा खलाशांना तो दिसत नाही, आणि दिसला तरी बोट वळवायचं त्यांच्या हातात नसतं. पकडल्यावर बोट मालकाची जाते, वर्षं यांची जातात.

मग शाळेतल्या एका मुलाने पट्टीला हात लावून विचारलं, ही नंतर का चिकटवली? “चुकीचं लिहिलं होतं, दुरुस्त केलं,” ती म्हणाली. तो मुलगा वाकून पट्टीखालचं जुनं वाक्य दिसतं का ते पाहू लागला. तिने त्याला ते तोंडी सांगितलं, आणि का चुकीचं तेही, किनारा, बारा मैल, दोनशे मैल, हवेत हातांनी पट्टे काढून. मी वर्गात केलं होतं त्यापेक्षा चांगलं.

४.४५

निकालात आमचं नाव नव्हतं. कच्चतिवूच्या दोघींना दुसरं बक्षीस मिळालं, आम्ही पुढे जाऊन टाळ्या वाजवल्या. सागरी कायद्याचे सर निघताना फलकापाशी थांबले, पट्टी वाचली. “दुसरं वाक्य आधी हवं होतं,” एवढंच म्हणाले. ते बरोबर आहे. भक्कम वाक्य वर हवं.

डिंक अजून ओलसर होता, म्हणून पोस्टर छापील बाजू बाहेर ठेवून गुंडाळलं.

६.२०

अंधेरीला डहाणू लोकलमध्ये शिरणं म्हणजे दोन स्टेशनं आधीपासून मनाची तयारी. पाइप डोक्यावरून हातोहात आत गेला, ओळख ना पाळख अशा बायकांनी रॅकवर नीट ठेवून दिला. विरारला बसायला मिळालं.

तिने वही काढली. कच्चतिवूच्या बिंदूंवरून तिच्या डोक्यात जे चाललं होतं ते आता कागदावर आलं. माहिती अधिकाराचा अर्ज. २००५ चा कायदा, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. प्रश्न तीन: गेल्या पाच वर्षांत पकडल्या गेलेल्या भारतीय मासेमारी बोटींची संख्या, प्रत्येक बोट पकडल्याची तारीख, आणि पकडल्याचं ठिकाण. तिसऱ्याचं उत्तर कदाचित मिळणार नाही. परराष्ट्र संबंधांना, सुरक्षेला बाधा येईल अशी माहिती नाकारायची मुभा त्याच कायद्यात आहे, कलम ८. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, नाकारलं तर नाकारलं असं तरी पोस्टरवर लिहिता येईल. आज ती जागा आपण आपल्या मनाने भरली होती.

अर्ज कुणाकडे, परराष्ट्र मंत्रालय की तटरक्षक दल? दोघांकडे, वेगळे दोन. ‘पकडल्या गेलेल्या’ की ‘ताब्यात घेतलेल्या’? सरकारी कागदात काय शब्द असतो ते पाहून तोच घाल, नाहीतर ‘अशी नोंद नाही’ म्हणून उत्तर येईल. पाड्यावर काय सांगायचं? तिने स्वतःच ठरवलं होतं: उद्या रविवार, संध्याकाळी, ज्यांची माणसं आत आहेत त्या चारही घरांत जाऊन यायचं. कलम ७३ बद्दल आधी सांगितलेलं परत घ्यायचं आणि २००८ चं सांगायचं, ज्यांची शिक्षा संपली आहे त्यांच्या कागदाची झेरॉक्स मागायची. मी येऊ का, विचारलं. म्हणाली, आधी मी एकटी जाते, सांगितलं मीच होतं.

सफाळे गेलं, केळवे रोड गेलं. पालघर आलं तशी मी उठले. दारात गर्दी, उतरून फलाटावर वळले तर ती दाराच्या दांड्याला धरून वाकलेली, वही हातात.

“मॅडम, तिसऱ्या प्रश्नात काय लिहू? ‘कुठे पकडली’ की ‘कोणत्या अक्षांश-रेखांशावर’?”

“दोन्ही लिही,” मी म्हटलं. “आणि विचार, कुणाच्या नोंदीप्रमाणे.”

गाडी हलली.